डब्यांची हजेरी

अप्पांच्या कारखान्यात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणणारे जे कारखाने आहेत, त्यातलाच तो एक, फार मोठा नाही. पण माग चालू झाले की हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाचेही नुसते ओठ हलताना दिसतात. अप्पा घरी आले तरी तासभर मोठ्याने बोलत राहतात. आई म्हणते, "कारखाना बाहेर ठेवून या की. हितं सगळ्यास्नी ऐकू येतंय."

माग अडला की जॉबरला बोलवावं लागतं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. हाक मारून उपयोग नाही, म्हणून प्रत्येक कामगार टॉवेलची एक चिंधी जवळ ठेवतो आणि ती डोक्यावर हलवतो. जॉबरने हात वर केला की समजायचं, त्याने पाहिलं. मग चिंधी खाली. दोन टोकांना दोघांनी एकदम हलवली तर ज्याच्याकडे जॉबरचं तोंड असेल त्याचं काम आधी होतं. अप्पांचे माग भिंतीकडच्या कोपऱ्यात आहेत, जॉबरच्या टेबलाच्या पाठीमागे. त्यांना नेहमीच जास्त वेळ हलवावी लागते.

आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची कल्पना इथून आली. कल्पना माझी होती, हे लिहिताना अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं, पण होती माझीच. प्रत्येक मागावर एक डबी बसवायची. तिच्यावर एक बटण. माग अडला की बटण दाबायचं, डबी रेडिओने निरोप पाठवणार आणि जॉबरच्या टेबलावरच्या पाटीवर त्या मागाचा आकडा दिसणार. एवढंच.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. अप्पा मंद्रूपहून शहरात आले ते कामासाठीच. घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि अभ्यासाचं इंग्रजी मी एकटीच वाचते. तिसऱ्या वर्षाला सरांनी मीडियम ॲक्सेस कंट्रोल शिकवायला घेतलं तेव्हा नाव ऐकूनच मी मान खाली घातली होती. पण नाव सोडलं तर आतली गोष्ट साधी निघाली. तारेतून बोलणाऱ्याला आपली आपली तार असते. बिनतारी बोलणाऱ्यांना सगळ्यांत मिळून एकच हवा. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं. मग कोणी कधी बोलायचं, याचे नियम हवेत, आणि नियम लावायला मध्ये कोणी उभा नाही. ते ज्याचे त्याने पाळायचे.

सर्वांत जुनी पद्धत अशी, की ज्याला बोलायचं त्याने बोलावं. पोच आली नाही तर समजावं की टक्कर झाली. मग थोडं थांबून पुन्हा बोलावं. किती थांबायचं, ते प्रत्येकाने मनाला येईल तसं ठरवायचं, म्हणजे दोघं पुन्हा एकाच वेळी उठणार नाहीत. नंतरची पद्धत याहून शहाणी. बोलण्याआधी ऐकायचं. हवेत कोणी बोलत असेल तर थांबायचं. आणि टक्कर झालीच तर दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायची तयारी ठेवायची.

मला हा धडा फार आवडला. मी स्वतः तशीच आहे. वर्गात मी आधी ऐकते. कोणी बोलत नाही असं पाहून तोंड उघडते, तेवढ्यात दुसरंही कोणी बोलायला लागतं आणि मी गप्प होते. पुढच्या वेळी त्याहून जास्त थांबते. पुस्तकात अशा थांबणाऱ्याची पाळी कधी तरी येते. वर्गात तास संपतो.

प्रोजेक्टमधली माझी जोडीदार, माझी मैत्रीण, याच्या अगदी उलट. ती शहरातल्या विणकर घरची, घरी तेलुगू बोलणारी, आणि कुठल्याही भाषेत न थांबणारी. सरांनी विचारलं, "प्रत्येक डबीला पाळी ठरवून का देत नाही? एकीनंतर एक बोलेल." मला उत्तर माहीत होतं. ती म्हणाली, "सर, माग काय सारखा अडतो का? ज्याला काही सांगायचं नाही त्याची पाळी फुकट जाणार, आणि ज्याचा अडलाय तो बसला वाट बघत." तेच माझंही उत्तर होतं. मला वाईट वाटलं नाही. ती बोलली की माझं निम्मं काम होतं.

सर म्हणाले, "टेबलावर कुठलंही यंत्र चालतं. खऱ्या कारखान्यात चालवून दाखवा."

मग अप्पांना मालकांकडे जावं लागलं. इतक्या वर्षांत अप्पांनी त्यांच्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं, उचलसुद्धा नाही. ते कसे गेले असतील, काय बोलले असतील, मला ठाऊक नाही. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "आठवडाभर लावा म्हणाले. काम खोळंबलं तर शनवारी काढायचं." मग पाणी पिऊन म्हणाले, "तुमच्या शब्दावर, म्हणाले."

ते 'तुमच्या शब्दावर' माझ्या डोक्यात बसलं. गुणांचं मला तेवढं वाटत नव्हतं. गुण कमी पडले तर पडले. पण अप्पांचा शब्द पडला तर ते काही बोलणार नव्हते, आणि त्याच कोपऱ्यात रोज कामाला जाणार होते.

डब्या आम्ही मनापासून केल्या. ऐकून बोलणाऱ्या, टक्कर झाली तर थांबणाऱ्या. एक नियम आम्ही आमचा घातला. डबीला वीज मिळाली की तिने आधी हजेरी द्यायची. पाटीने हजेरी घेतली की डबीवरचा लाल दिवा कायमचा लागतो, तोवर हजेरीच्या प्रत्येक प्रयत्नाला नुसता एकदा लुकलुकतो. हजेरी लागली नाही त्या डबीचं बटण पाटी मानत नाही. जॉबरला कळावं की कुठली डबी जिवंत आहे, म्हणून हे केलं. प्रयोगशाळेत आमच्याकडे एकच एक्स्टेन्शन बोर्ड होता. मैत्रीण त्यावर एकेक डबी लावायची, बोर्डाचं बटण खाली करायची आणि म्हणायची, "पुढचा नंबर!" दिवा लुकलुकायचा आणि लागायचा. किती तरी वेळा केलं, एकदाही चुकलं नाही.

सोमवारी सकाळी कारखान्यात डब्या बसवल्या. जॉबर मामांनी एकेका मागाच्या वायरीतून वीज दिली. एकेक दिवा लागत गेला. मामा तेलुगू बोलणारे, थट्टेखोर. मैत्रिणीला म्हणाले, "एम्मा," म्हणजे काय गं, "आता मी खुर्चीत बसून पगार घेणार काय?"

"आतापर्यंत काय करत होता मामा?" ती म्हणाली.

मामा इतके हसले की शेजारच्या कामगाराने काय झालं म्हणून सवयीने हातानेच विचारलं.

माग सुरू झाल्यावर पहिलं बटण अप्पांनी दाबलं. मामा कोपऱ्याकडे पाठ करून बसले होते. पाटीवर आकडा आला, मामा वळले आणि त्यांनी हात वर केला. अप्पा माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या दुसऱ्या हातात चिंधी तयारच होती. ती त्यांनी हळूच खिशात घातली.

मंगळवारी दुपारी आम्ही कॉलेजात असताना अप्पांचा फोन आला. मागे आवाज एवढा होता की मला फक्त "मुकी झाली" एवढंच कळलं. आम्ही रिक्षाने गेलो.

झालं होतं असं. लाईट गेली होती आणि थोड्या वेळाने आली. माग पुन्हा सुरू झाले, डब्या मात्र सुरू झाल्या नाहीत. लोक बटणं दाबत राहिले. मामांनी डब्यांवर विश्वास टाकलेला, ते पाटीकडे बघत बसले. पाटी कोरी, म्हणजे सगळं ठीक. आजूबाजूला कोण चिंधी हलवतंय, हे बघायची सवय त्यांनी एका दिवसात सोडली होती. मालक आत आले तेव्हा कोपऱ्यातले दोन माग उभे होते आणि अप्पा जॉबरच्या पाठीकडे बघून चिंधी हलवत होते.

मामा आम्हाला म्हणाले, "काय पोरींनो, कालपर्यंत मला एकाच बाजूचं दिसत न्हवतं. आज कुठलंच दिसंना झालंय की."

मैत्रीण मामांशी बोलत होती तेव्हा मी डब्यांकडे बघत होते. सगळे लाल दिवे एकदम लागत होते, एकदम विझत होते. थोडं थांबून पुन्हा सगळे एकदम. खरं सांगते, त्या क्षणी मला ते फक्त छान दिसलं. मग मैत्रिणीने एकेक डबी बंद करून पुन्हा चालू केली आणि सगळं आधीसारखं चालायला लागलं.

त्या रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "मालक इचारत हुते, शनवारपतुर थांबायचं काय." मग चटणी मागितली.

अंथरुणावर पडल्यावर ते दिवे पुन्हा डोळ्यांसमोर आले, आणि मला कळलं की ते तसे दिसायला नको होते. प्रत्येक डबी मनाला येईल तेवढी थांबत असेल तर दिवे मागेपुढे लागायला हवेत. एकदम कसे?

सकाळी सरांच्या केबिनमध्ये सर म्हणाले, "माग सुरू होताना मोटरींचा झटका बसत असेल. अँटेना वर घ्या." मी तोंड उघडलं. त्याच वेळी मैत्रीण म्हणाली, "मलाही तेच वाटतं सर." मी थांबले. सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तू काही म्हणत होतीस?" मी म्हटलं, "नाही सर." माझी अजून खात्री नव्हती. पण खात्री असती तरी मी वेगळं काही म्हटलं असतं, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर मात्र मैत्रिणीला सांगितलं. ती चालता चालता थांबली. "अगं, मग आत का नाही बोललीस?" आणि लगेच, "बरं, आता कसं बघायचं ते सांग." बघायचं असेल तर कारखान्याची मेन बंद करून चालू करायला हवी होती. सगळ्या डब्यांना एकदम वीज.

घरी मी अप्पांना म्हटलं, "जेवणाच्या सुट्टीत मेन बंद करून चालू करायला मामांना सांगाल का?"

"तूच सांग की."

"तुम्ही सांगितलेलं बरं, अप्पा."

"मी काय सांगू? का म्हणून इचारलं तर? डबी तुझी हाय." मग थांबून कन्नडमध्ये म्हणाले, "माताडु." म्हणजे बोल. लहानपणी पाहुण्यांसमोर मी आईच्या मागे लपायचे तेव्हा ते असंच म्हणायचे. रागाने नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही गेलो. माग थांबलेले. तो कारखाना इतका शांत मी क्वचितच ऐकला होता. लोक गठ्ठ्यांना टेकून भाकरी खात होते, शेंगाचटणीचा वास सुटला होता. मी मामांजवळ जाऊन म्हटलं, "मामा, मेन..." तेवढ्यात मामा म्हणाले, "ये ये, भाकरी खा," आणि मैत्रीण माझ्या वतीने तेलुगूत सांगायला लागली. दोघं एकदम बोलत होते. मी गप्प झाले. सवयीने. मग दोघंही थांबले, मी आणखी जरा थांबले, आणि पुन्हा बोलले. "मामा, मेन बंद करून चालू करायची आहे. एकदाच. काय बिघडलंय ते मला दिसलंय, असं वाटतंय."

"वाटतंय का दिसलंय?"

"दिसलंय."

मामांनी हात धुतले, उठले आणि खटका ओढला. मग वर केला.

सगळे दिवे एकदम लागले. एकदम विझले. थोडं थांबून पुन्हा लागले. भाकरी हातात धरून सगळे बघायला लागले. कोपऱ्यातून कोणी तरी म्हणालं, "कवायत चाललीय की!"

"असं होतंय," मी म्हटलं. "वीज आली की सगळ्या डब्या एकदम हजेरी द्यायला उठतात. टक्कर होते. मग प्रत्येकीने आपल्या मनाने थांबायचं. पण यंत्राला मन नसतं मामा. ते एका आकड्यापासून सुरुवात करून हिशेबाने पुढचे आकडे काढतं. आम्ही सगळ्या डब्यांत एकच प्रोग्राम घातलाय, सुरुवातीचा आकडाही एकच. म्हणून सगळ्या सारख्याच थांबतात आणि पुन्हा एकदम उठतात. कॉलेजात आम्ही एकेक डबी लावत होतो, म्हणून कधी कळलं नाही."

मामांनी विचार केला. "पर तुमी ह्यास्नी ऐकून मग बोलायला शिकवलंय म्हणं?"

"ऐकतात की मामा. पण सगळ्या एकदमच ऐकतात. कोणीच बोलत नाही, हे सगळ्यांना एकदमच कळतं. मग सगळ्या एकदमच बोलतात."

अख्खा कारखाना हसला. एक जण म्हणाला, "आमच्या ग्रामसभेवानी झालं की!" अप्पाही हसत होते. मला वाटतं, इतक्या माणसांसमोर मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. ते संपल्यावर कळलं. बोलताना नाही.

दुरुस्ती अवघड नव्हती. प्रत्येक डबीला मागाचा आकडा दिलेलाच होता. थांबण्याचा हिशेब त्या आकड्यापासून सुरू करायचा, म्हणजे प्रत्येकीचं थांबणं वेगळं. लॅपटॉप गठ्ठ्यावर ठेवून मी एकेका डबीत नवा प्रोग्राम भरत गेले. मैत्रीण वायर घेऊन एका मागावरून दुसऱ्यावर पळत होती आणि ओरडत होती, "पुढचा नंबर!" शेवटची डबी भरून झाली आणि सुट्टी संपल्याची घंटा वाजली.

"मामा, आता एकदा मेन..."

"आता न्हाय. मालक आले बघ."

मालक दारात उभे होते. लॅपटॉप, उघड्या डब्या, घोळका, सगळं त्यांनी पाहिलं. "मेनला पुन्हा हात लावायचा न्हाय," एवढंच म्हणाले. माग सुरू झाले आणि पुढचं कोणाचंच काही ऐकू आलं नाही.

म्हणजे आता लाईट गेल्याशिवाय काही कळणार नव्हतं. इतकी वर्षं लाईट गेली की आम्ही चिडतो. शुक्रवारी मात्र मी आणि मैत्रीण दिवसभर पंख्याकडे बघत होतो. अप्पांना सांगून ठेवलं होतं, लाईट गेली की लगेच व्हिडिओ कॉल करा. शुक्रवारी लाईट गेली नाही. मैत्रीण म्हणाली, "कधी नव्हे ते!"

शनिवारी दुपारी आम्ही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. संध्याकाळी मालक विचारणार होते. मैत्रीण म्हणत होती, नाहीच गेली तर आपण जाऊन त्यांना समजावून सांगू, तू सांग. तेव्हा फोन वाजला. अप्पांचा चेहरा अगदी जवळ, निम्मा दिसणारा.

"गेली बघ," ते म्हणाले. कारखाना शांत होता, आवाज स्वच्छ येत होता. मागून मामा ओरडले, "पोरीला सांगा, देव पावला!"

"अप्पा, फोन डब्यांकडे करा," मी म्हटलं.

"केला की."

"उलटा आहे अप्पा, तुमचंच तोंड दिसतंय," मैत्रीण म्हणाली.

फोन वळला. पत्र्यातून येणाऱ्या उजेडात मागांची रांग दिसली, दिवे विझलेले. आम्ही वाट बघत राहिलो. मग एकदम आवाज सुरू झाला. लाईट आली होती. अप्पा काही तरी सांगत असणार, पण मला एक अक्षर कळत नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. जेवणाच्या वेळी आमच्या कॉलेजचं वायफाय असंच असतं. सगळं कॉलेज एकाच हवेत बोलत असतं.

मैत्रीण फोन हलवायला लागली. "आत्ताच अडकायचं होतं का याला!"

"थांब," मी म्हटलं.

अडकलेल्या चित्रात मागांची रांग होती. पहिल्या डबीवर लाल ठिपका होता. दुसरीवर नव्हता. तिसरीवर होता, चौथीवर होता, पाचवीवर नव्हता. मंगळवारी कुठल्याही क्षणी बघितलं असतं तर सगळे दिवे तरी दिसले असते, नाही तर एकही नाही. काही लागलेले आणि काही विझलेले, असं दिसणं शक्यच नव्हतं. मी बोट ठेवून मैत्रिणीला दाखवलं. तिला लगेच समजलं. ती काहीच बोलली नाही. हे लिहून ठेवावं असं आहे.

चित्र हललं तेव्हा सगळे दिवे लागलेले होते, आणि ते विझले नाहीत. मग फोनमध्ये मामांचा वर केलेला हात दिसला.

संध्याकाळी अप्पा घरी आले. नेहमीसारखेच मोठ्याने बोलत. मी विचारायच्या आधी आईने विचारलं, "काय म्हणाले मालक?"

"राहू द्या म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच की. आनि काय म्हणायचं असतंय?" पण ते ताटावर बसताना हसत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मालकानी इचारलं, बिघाड कुणाला घावला. म्या म्हणलं, पोरीला."

डब्या अजून तिथेच आहेत. मागच्या आठवड्यात मी गेले होते. अप्पांचा एक माग अडला, त्यांनी बटण दाबलं, पाटीवर आकडा आला, मामा उठलेसुद्धा. तरी अप्पांनी खिशातून चिंधी काढून हलवली. मी हातानेच विचारलं, हे कशाला? त्यांनी खांदे उडवले आणि मामा पोचेपर्यंत हलवत राहिले.